जाताना पाय ओढते आणि येताना हाताला येत नाही, अशा घोडीचं काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. सात वर्षांची काठेवाडी घोडी, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली, शेतावर असते, सोबतीला दुसरा घोडा नाही पण दोन म्हशी आहेत. रोज सकाळी कालव्याच्या कच्च्या रस्त्याने 5 किलोमीटर जाता, पुलापाशी वळता, त्याच रस्त्याने परत. जाताना सारखी टाच मारावी लागते, तरी पाय ओढत चालते, मधेच थांबून मागे बघते. पुलापाशी तोंड वळवलं की मात्र कान टवकारून निघते, दुडकीवर येते, हात ओढते, आणि मारुतीच्या देवळापासूनचा शेवटचा किलोमीटर जवळजवळ कँटरने, म्हणजे झेपा टाकत, येते. फोनवर वेळ बघितलात तर जायला 65 मिनिटं आणि यायला 35. गेल्या रविवारी डांबरी तुकड्यावर तिचे मागचे पाय घसरले आणि तुम्ही घाबरलात. एक जण म्हणाला काटेरी लगाम (तोंडात टोचणारा) घाला, दुसरा म्हणाला जातानाच चार फटके द्या म्हणजे सरळ होईल. आणि तुम्ही विचारलंय की परतीला तिला हळू कसं करायचं.

घाबरलात ते बरोबरच आहे, नाल मारलेला घोडा डांबरावर घसरला की दोघांचेही पाय मोडू शकतात. पण प्रश्न तुम्ही जिथे शोधताय तिथे मला तो दिसत नाही. माझ्या मते तुमच्या घोडीची खरी अडचण जातानाची आहे, येतानाची नाही. येताना जे होतं ते जाताना जे साठतं त्याचं व्याज आहे.

आधी आकडे बघू, कारण तुम्ही वेळ मोजलीत हे फार चांगलं केलंत, लोक नुसतं "खूप पळते" म्हणतात. निरोगी घोडा मोकळ्या मनाने साधा वॉक करत चालला तर ताशी 6 ते 7 किलोमीटर जातो. म्हणजे तुमचे 5 किलोमीटर साधारण 45 ते 50 मिनिटांत व्हायला हवेत. तुम्हाला जायला 65 लागतात, म्हणजे ती वॉकसुद्धा धड करत नाही, रखडते. येताना 35 म्हणजे निम्मा रस्ता वॉक आणि निम्मा दुडकी-कँटर. मग येतानाच्या 35 चे 65 करायला जाऊ नका. दोन्ही वेळा 50 च्या आसपास आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी निम्मं काम जाण्याच्या बाजूला करायचंय.

थोडा फरक प्रत्येक घोड्यात असतोच, त्याला आजार समजू नका. सकाळी ठाणावरून निघताना अंग आखडलेलं असतं, पहिली दहा-पंधरा मिनिटं सांधे मोकळे व्हायला जातात, येताना अंग तापलेलं असतं. आपल्याकडे बैलगाडी हाकलेल्या कोणालाही विचारा, संध्याकाळी गाडी गावाकडे वळली की बैल न सांगता पाय उचलतात, कासरा हातात नुसता धरायचा असतो. डोंगरातल्या रस्त्यावर चढ-उताराचाही फरक पडतो, पण तुमचा रस्ता कालव्याचा आहे आणि कालव्याला उतार नावापुरताच असतो, तेव्हा ते कारण तुमच्याकडे बाद. मला पाचेक मिनिटांचा फरक दिसला तर मी लक्षही देत नाही. तीस मिनिटांचा फरक म्हणजे घोडी काहीतरी सांगतेय.

काय सांगतेय ते मला लहानपणी माथेरानला कळलं, म्हणून ते आधी सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, माथेरानला घोडेवाले. तिथे गाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावर गाडी लावून माणूस पुढे तेव्हा एकतर पायी, नाहीतर हातरिक्षाने, नाहीतर आमच्या घोड्यावर. आमच्याकडे चंद्री नावाची घोडी होती. तबेला बाजाराजवळ. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सीझनला आबा तिला पॅनोरमा पॉइंटला न्यायचे, तो गावापासून लांबचा. आणि चंद्री पॉइंटला जाताना झपझप जायची, लाल मातीतून टापांचा आवाज एकसारखा यायचा, आणि घराकडे येताना मात्र सावकाश, झाडाखाली रेंगाळत. तुमच्या घोडीच्या बरोबर उलट! मला वाटायचं हिला घर आवडत नाही का. मग आबांनी दाखवलं. पॉइंटवर गिऱ्हाईक फोटो काढणार, चहा घेणार, अर्धा तास जाणार, तेवढ्यात आबा तिचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करून सावलीत तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) लावायचे. आणि बाजारात परत आलो की पुढचं गिऱ्हाईक उभंच, लगेच पाठीवर. मग पावसाळा लागला, आडवारी गिऱ्हाईक नसायचं, एखादी फेरी झाली की चंद्री सरळ तबेल्यात आणि पुढे दिवसभर मोकळी. पंधरा दिवसांत तिची चाल उलटी झाली, जाताना सावकाश आणि येताना झपझप. घोडी तीच, रस्ता तोच, तबेला तोच.

तेव्हा घोडा घराकडे पळतो असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. जिथे काम संपतं, तंग सुटतो, चारा मिळतो आणि सोबत मिळते तिकडे तो पळतो. बहुतेकांच्या बाबतीत ती जागा घर असते म्हणून आपल्याला घराचं कौतुक वाटतं. तुमच्या घोडीचा दिवस तिच्या बाजूने बघा. सकाळी उपाशीपोटी खोगीर, म्हशी मागे राहिल्या, तासभर बरगड्यांत टाचा, पुलापाशी एक क्षणही विसावा नाही, वळलं की टाचा बंद, घरी पोचलं की तंग सुटला आणि लगेच चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. सहा महिने रोज हे शिकवलंय तिला. ती हुशार आहे म्हणून शिकलीय.

आता काय काय तपासायचं ते सांगतो, आणि इथे बरंच परिस्थितीवर आहे, लांबून मी छातीठोक सांगू शकत नाही.

सगळ्यात आधी दुखणं. जी घोडी जाताना रखडते ती कधीकधी आळशी नसते, तिला दुखत असतं, आणि परतीला ती दुखणं संपवायला पळत असते. खोगीर काढल्यावर पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी बेताचा दाब देत मागे जा, पाठ खाली घेते का, कातडी थरथरते का, कान मागे टाकते का बघा. घामाचा ठसा बघा, खोगिराखाली सगळीकडे ओलं आणि मधेच एखादा सुका डाग असेल तर तिथे खोगीर जास्त दाबतंय अशी शंका घ्या. तंग आवळताना चावायला येत असेल तर तेही लक्षात घ्या. कच्च्या रस्त्यावर खडी असेल तर खूर दुखतात, नालबंदाला तळवा दाबून बघायला सांगा, शेवटची नालबंदी होऊन दीड-दोन महिने झाले असतील तर तसंही बोलवायची वेळ झालीय. दातांच्या कडा धारदार झाल्या असतील तर लगाम ओढला की गालाला लागतं आणि घोडा अजून ओढतो. जनावरांच्या डॉक्टरला एकदा दाखवा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका, दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावण्यासारखं पाप नाही.

दुसरं खाणं, आणि तुमच्या बाबतीत मला याचा संशय जास्त आहे. घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल सतत तयार होत राहतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. मोकळा सोडला तर तो दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो ते यासाठीच. रात्रभर रिकाम्या पोटी ठेवलेल्या घोडीला सकाळी बाहेर काढलं तर पोटात जळजळ आणि डोक्यात घरची चंदी, दुसरं काय असणार. निघण्याच्या अर्धा तास आधी थोडा कडबा किंवा सुकं गवत द्या, पोटभर नाही. आणि परतल्यावर चंदी लगेच देऊ नका, किमान तासभर जाऊ द्या. तापलेल्या अंगाने हरभरा-भुसा भरला तर पोटशूळाचा धोका वेगळाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे "पोचले की दाणा" हा धागा तुटला पाहिजे. पाणी मात्र अडवू नका.

तिसरं सोबत. घोडा कळपाचा प्राणी आहे, दुसरा घोडा नसेल तर तो म्हशीशी, शेळीशी, कुत्र्याशीसुद्धा जोडून घेतो. तुम्ही म्हणता ती मधेच थांबून मागे बघते. नुसती बघते की खिंकाळते? सारखी लीद टाकते का? थंड सकाळीसुद्धा मानेवर घाम येतो का? हे मला कळवा, कारण परतीला पळणाऱ्या घोड्यांचे माझ्या अनुभवात दोन प्रकार आहेत आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही. एक उतावळा. त्याचा श्वास ठीक असतो, कान पुढे, मान बेताची, फक्त घाई असते, हाक मारली तर कान तुमच्याकडे वळतो. दुसरा घाबरलेला, मान उंच, डोळ्याचं पांढरं दिसतं, खिंकाळतो, घामेजतो, तुम्ही पाठीवर आहात हे विसरलेला असतो. उतावळ्याला काम देऊन शांत करता येतं. घाबरलेल्याला काम दिलं तर तो आणखी घाबरतो, त्याला अंतर कमी करून द्यावं लागतं.

यातलं बरंचसं मी चुकून शिकलोय. पंधराएक वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून मी एक अबलख घोडा आणला, बादल. तेव्हा मुळशीच्या बाजूला माझं रायडिंगचं काम नुकतं सुरू झालं होतं. बादल अगदी तुमच्या घोडीसारखा, धरणाच्या रस्त्याला जाताना ढकलावा लागायचा आणि येताना हात सोलून काढायचा. मला वाटलं दमवू याला, म्हणून जाताना शेतातून भरधाव सोडायचो. तीन महिन्यांत तो एवढा फिट झाला की दमणं राहिलं बाजूला, परतीचा जोर दुप्पट. मग एकाकडून जास्त कडक लगाम आणला. दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी गावाच्या तोंडाला अरुंद गल्लीत तो ओढायला लागला, मी दोन्ही हातांनी ओढून धरलं, तोंडात दुखतंय आणि पुढे जाता येत नाही, तो जाणार कुठे, सरळ वर झाला. मी पडलो, खांद्याचं हाड मोडलं. चूक पूर्ण माझी होती आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात जखम झाली होती ती मला अजून आठवते.

सहा आठवडे मला बसता येईना. घोडा उभा ठेवून चालणार नाही म्हणून मी त्याला रोज एका हाताने म्होरकीला धरून त्याच रस्त्याने पायी न्यायचो. घाई नव्हती, मला तरी कुठे जायचं होतं. धरणाच्या काठाला पोचलं की मी दगडावर बसायचो आणि तो हिरवं खायचा, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. परत येताना त्याने पाय उचलला की मी थांबायचो, तो थांबला की निघायचो. सहा आठवड्यांनी पाठीवर बसलो तेव्हा तो जाताना आपणहून चालत होता. मी त्याला काही शिकवलं नव्हतं, फक्त धरणाचा काठ ही विसाव्याची जागा झाली होती. चंद्रीची गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती आणि तरी ती वापरायला हाड मोडावं लागलं याचं मला वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

तुमच्यासाठी आता. पहिले आठ-दहा दिवस पुलापर्यंत जाऊच नका. दीड किलोमीटर जा, शक्य असेल तर पहिले तीन-चार दिवस खोगीर घालून पण पायी, हाताला धरून. तिथे सावलीची जागा निवडा, तंग दोन भोकं सैल करा, खिशात नाहीतर पिशवीत लसूण घास किंवा हिरवं गवत न्या आणि तिथे खाऊ द्या. पंधरा मिनिटं उभं राहू द्या. मग तंग परत आवळून निघा. घाबरलेल्या प्रकारची असेल तर दीड किलोमीटरही जास्त आहे, जिथे ती पहिल्यांदा मागे वळून बघते त्याच्या वीस पावलं अलीकडे थांबा, तिथे खाऊ घाला, परत या. रोज वीस-पंचवीस पावलं वाढवा. कंटाळवाणं वाटेल, पण यात जोरजबरदस्ती केली की मागे जावं लागतं.

जाताना पाठीवर असाल तेव्हा सारखी टाच बंद करा. ही सवय सगळ्यांना असते, प्रत्येक पावलाला टाच, टाच, टाच. माणूस एकसारखा बोलत राहिला की आपण ऐकणं सोडतो तसंच होतं. एकदा पोटरीने हलका दाब द्या. नाही निघाली तर एकदाच स्पष्ट टाच, त्यावर ती पुढे सरकली त्याच क्षणी पाय पूर्ण ढिला आणि हातही मोकळा. रखडली की परत एकदा, नीट, आणि परत सोडून द्या. घोडा दाबाने शिकत नाही, दाब कधी सुटतो त्यावरून शिकतो. फटके मारायचा सल्ला यासाठीच चुकीचा आहे, जाण्याची दिशा आधीच तिला नकोशी आहे, तिथे मार मिळाला की ती अजून नकोशी होणार आणि व्याज परतीला तुम्हीच भरणार.

वळण्याची जागा रोज बदला. तुम्ही रोज पुलापाशीच वळता त्यामुळे पुलाच्या आधी शंभर मीटरवरच ती वळायच्या तयारीत असते. कधी पुलाच्या पुढे जा, कधी आधीच वळा, वळून दहा पावलं येऊन परत पुढे जा. शेतातून दुसरी पायवाट असेल तर गोल फिरून या, म्हणजे "आता परत" असा एकच क्षण उरत नाही. उभ्या पिकातून मात्र जाऊ नका, शेजाऱ्याशी भांडण करून घोडा शिकत नाही.

परतीला ती दुडकीवर आली की काय करायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही लगाम एकसारखे ओढून धरू नका. तुम्ही ओढलं की ती तुमच्या हातावर रेलते, आणि ओढाओढीत पाचशे किलोच्या घरातलं जनावर जिंकणारच, काठेवाडी त्याहून हलकी असली तरी. त्याऐवजी शांतपणे, रागावल्यासारखं नाही, तिला वळवा आणि परत जाण्याच्या दिशेने तोंड करून वॉकवर चालू लागा. दहा-पंधरा पावलं. मान खाली आली, श्वास सोडून फुरफुरली, की हात ढिला करून घराकडे वळवा. परत दुडकी, परत वळवा. पहिल्या दिवशी सहाशे मीटरला तासभर लागेल, पाणी आणि वेळ घेऊनच निघा, ऑफिसच्या दिवशी हा प्रयोग करू नका. वॉक केला तरच घर जवळ येतं हे तिला समजायला साधारण आठवडा जातो, काहींना तीन. रस्ता अरुंद असेल किंवा एका बाजूला कालव्याचं पाणी असेल तर मात्र असं वळवणं धोक्याचं आहे, तिथे खाली उतरा. आणि घाबरलेल्या प्रकारच्या घोडीला गोलगोल फिरवत बसू नका, ती घामाघूम होईल, तिच्यासाठी वरचा कमी अंतराचाच मार्ग.

एक गोष्ट काठेवाडी आणि मारवाडी ठेवणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. या घोड्यांत रेवाल चाल बऱ्याचदा उपजत असते, एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडतात, दुडकीसारखं उडायला होत नाही, बसायला पाळण्यासारखं लागतं. परतीला घोडी जरा तापली की बऱ्याचदा आपणहून रेवाल धरते. आणि पाठीवरच्या माणसाला ते इतकं गोड वाटतं की तो नकळत लगाम सैल सोडतो, मान थोपटतो, शाब्बास म्हणतो. म्हणजे घाईला शाबासकी. तुमची घोडी असं करते का आठवून बघा. रेवाल हवीच असेल तर ती जाताना मागा, पुलाच्या पलीकडे मागा. परतीला फक्त वॉक.

स्वतःकडेही बघा. परतीला आपलंही चित्त घरी लागतं, चहा, कामावर जायची घाई. आपण पुढे झुकतो, रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, टाच वर येते, आणि झुकलेलं अंग घोड्याला "चल" असं सांगतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना परतीला मोठ्याने गप्पा मारायला लावतो, बोलणारा माणूस श्वास धरून ठेवत नाही आणि अंग आपोआप मागे येतं.

घर जवळ आलं की सगळं तिथे संपतं असं होऊ देऊ नका. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा फाटकासमोरून सरळ पुढे जा, दोनशे मीटर, मग परत या. कधी आत येऊन अंगणात पाच-दहा मिनिटं वॉकवर आठ आकडा काढा, थांबा, दोन पावलं मागे घ्या, मग उतरा. कधी देवळापाशीच उतरून तंग सैल करा आणि शेवटचा किलोमीटर हाताला धरून चालत या. उतरण्यात कमीपणा नाही, लांबच्या मजलेला घोडदळातसुद्धा मधूनमधून उतरून घोडे हाताला धरून चालवायचे, पाठीला आराम मिळावा म्हणून. तुमच्या डांबरी तुकड्यासाठी तर मी सांगेन की पुढचा महिनाभर तिथे रोज उतराच. डांबरावर कँटर कधीच नाही, घोडा कितीही ओळखीचा असला तरी. आणि वेगात असताना एका बाजूचा लगाम झटकन ओढून थांबवायची युक्ती कोणी सांगितली तर डांबरावर ती करू नका, घोडा आडवा पडतो.

शेवटचा किलोमीटर वॉकवर यायला हवा याचं अजून एक साधं कारण आहे, घोडा थंड होऊन घरी यायला हवा. घरी आल्यावर जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने शीर सापडते, तिथे बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. आराम करत असताना मोठ्या घोड्याचे मिनिटाला साधारण 28 ते 44 ठोके असतात. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींत डॉक्टरांच्या तपासणीला 64 च्या वर ठोके असले तर घोड्याला पुढे सोडत नाहीत, आणि ते घोडे कितीतरी लांबून आलेले असतात. तुमची 10 किलोमीटरवाली घोडी वॉकवर घरी आली तर दहा मिनिटांत 60 च्या खाली यायला हवी. येत नसेल तर ती एकतर तापलीय, नाहीतर घाबरलीय, नाहीतर दुखतंय.

काटेरी लगामाचं एका वाक्यात सांगतो, तो वापरू नका, 1965 च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत काटेरी लगामावर बंदी आहे आणि ती योग्य आहे. साधा, मधे सांधा असलेला गुळगुळीत लगाम पुरतो. तोंडात जास्त दुखवून घोडा थांबतो असं वाटतं, पण दुखण्यापासून पळणं हाच त्याचा स्वभाव आहे.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात डॉक्टर आणि नालबंद, आणि चंदीची वेळ बदलणं. पुढचे दहा दिवस छोटं अंतर, लांबच्या टोकाला विसावा आणि हिरवं. मग हळूहळू पुलापर्यंत, वळण्याची जागा बदलत, परतीला दुडकी आली की वळवत. डांबरावर उतरून. जुनी सवय नसलेल्या घोड्यात तीन ते सहा आठवड्यांत फरक दिसतो, आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं परतीला पळवली असेल तर जास्त लागेल, तिचं आधीचं काम काय होतं ते विकणाऱ्याला विचारता आलं तर विचारा. वरातीत नाचवलेली घोडी असेल तर गर्दी आणि ढोलाचा विषय वेगळा निघतो, त्यावर वेगळं लिहीन.

दरम्यान एका वहीत रोज जाण्याची वेळ, येण्याची वेळ, किती वेळा खिंकाळली आणि घरी आल्यावरचे ठोके एवढं लिहून ठेवा. जाण्याची वेळ आधी कमी व्हायला लागेल, येण्याची नंतर वाढेल, असा माझा अंदाज आहे. पंधरा दिवसांनी आकडे इथेच टाका, आणि पाठीची तपासणी काय निघाली तेही, मग पुढचं बघू. आणि ती थांबून मागे बघते तेव्हा कान कुठल्या बाजूला असतात, म्हशींच्या की आणखी कशाच्या, तेवढं उद्याच बघून सांगा.